घरातला आवाज जपून ठेवू या! – परवडणारा माईक कसा निवडावा, कसा वापरावा

आमच्या नातेपुत्याच्या घरी पत्र्याच्या पेटीत एक जुनी कॅसेट आहे. १९९३ च्या उन्हाळ्यात मुंबईच्या गोदीत कामाला असलेले आमचे चुलते सुट्टीवर गावी आले, तेव्हा त्यांनी सोबत टू-इन-वन आणला होता. तो त्यांनी कोनाड्यात ठेवला, लाल बटण दाबले आणि आजीला म्हणाले, "आये, म्हण आता." आजी जात्यावर बसली होती. दळता दळता ती अर्धा तास ओव्या म्हणत राहिली. बाबासाहेबांच्या, भावाच्या, सासरी निघालेल्या लेकीच्या.

पुढे पाच वर्षांनी आजी गेली. आज ती कॅसेट लावली की आधी यंत्राची घरघर ऐकू येते. मग कोंबड्या, मग दारावरून जाणारा ट्रॅक्टर आणि या सगळ्यांच्या मागे, आडाच्या तळातून यावा तसा आजीचा आवाज. चाल ओळखू येते, पण शब्द कळत नाहीत. चुलत्यांची माया खरी होती, यंत्रही चांगले होते. चूक एकच झाली. माईक आजीपासून आठ-दहा हात लांब होता.

आजीची थोरली लेक, म्हणजे आमची आत्ती, आता ऐंशीच्या घरात आहे. आईच्या निम्म्याहून अधिक ओव्या तिला पाठ आहेत. पण दम लागतो, मध्येच शब्द सुटतो. तिचाही आवाज आडात जाऊ द्यायचा नाही, असे आम्ही मागच्या वर्षी ठरवले. त्या खटपटीत जे शिकलो, जिथे पैसे वाया गेले आणि जिथे वाचले, ते सगळे वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

या ओव्यांचे मोल

कुणी म्हणेल, म्हातारीच्या ओव्या टिपून काय करायचे? त्याला उत्तर आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या गावोगावी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९० च्या दशकात बर्नार बेल यांच्या साहाय्याने त्यांतल्या कितीतरी ओव्या बायांच्या स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या. १९९६ साली ही मंडळी बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात गेली. तिथल्या बायांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायिल्या. २०१७ पासून 'पारी' या संस्थेने हा ठेवा लोकांसमोर आणला आणि माजलगावच्या त्या बायांचा आवाज जगभर ऐकला गेला.

ज्यांना पाटी-पेन्सिल मिळाली नाही, त्यांनी आपला इतिहास गळ्यात ठेवला. तो गळा बंद झाला की इतिहासही गेला. बाबासाहेबांचाच विचार करा. त्यांचे लेखन आणि भाषणे खंडच्या खंड छापून आली, पण त्यांचा आवाज आपल्याकडे फार थोडा उरला आहे. १९५५ साली बीबीसीने घेतलेली त्यांची मुलाखत आज ऐकताना अंगावर काटा येतो, तो शब्दांइतकाच त्या आवाजामुळे. तेव्हा आवाज ही साधी वस्तू नव्हे.

माईकच्या पोटात काय असते?

माईक मुख्यतः दोन जातींचे. जयंतीच्या स्टेजवर वक्ता हातात धरतो तो बहुधा डायनॅमिक माईक. त्यात पातळ पडद्याला तारेचे बारीक वेटोळे चिकटवलेले असते आणि ते लोहचुंबकाजवळ हलते. गडी दणकट. पडला, धुळीत लोळला तरी चालतो. पण बारीक आवाज तो फारसा पकडत नाही.

दुसरा कंडेन्सर माईक. त्यात एक धातूची पट्टी असते आणि तिच्यासमोर केसाहूनही पातळ पडदा ताणलेला असतो. दोघांमध्ये विजेचा भार असतो. आवाजाने पडदा थरथरला की मधले अंतर कमी-जास्त होते आणि त्याबरोबर विजेचा इशारा बदलतो. पडदा हलका असल्यामुळे श्वास, उसासा, शब्दाचा शेवटचा हुंकारही तो टिपतो. म्हणून म्हाताऱ्या माणसाच्या क्षीण आवाजाला कंडेन्सर चांगला. मात्र त्याला बाहेरून वीज द्यावी लागते, आणि तो जसा आत्तीचा श्वास टिपतो तसाच शेजारच्या घरातला मिक्सरही टिपतो.

कंडेन्सर माईक अमेरिकेत ई. सी. वेंटे यांनी १९१६ साली बनवला. पुढे कित्येक वर्षे ती रेडिओ केंद्रांची आणि स्टुडिओची महागडी चीज होती. तो गरिबाच्या हातात आला तो १९६२ साली लागलेल्या एका शोधामुळे. बेल प्रयोगशाळेतले गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी पडद्यासाठी अशी प्लॅस्टिकची फिल्म वापरली, की जिच्यात विजेचा भार एकदा भरला की तो वर्षानुवर्षे टिकतो. हाच इलेक्ट्रेट माईक. टेपरेकॉर्डर, टेलिफोन, कानाची यंत्रे यांत कोट्यवधींनी तो बसला. शर्टाला लावायचा आजचा स्वस्त माईकही त्याच जातीचा.

यातल्या जेम्स वेस्ट यांची ओळख आपल्या मुलांना करून द्यावी. १९३१ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात एका कृष्णवर्णीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, काळ्यांच्या वेगळ्या असा तो काळ. मुलाने डॉक्टर व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. तो पदार्थविज्ञान शिकतो म्हणाला, तेव्हा वडिलांनी त्याला तीन कृष्णवर्णीय माणसे दाखवली. तिघेही विज्ञानातले डॉक्टरेट आणि तिघेही पोस्टात नोकरीला, कारण शास्त्रज्ञ म्हणून त्यांना कुणी ठेवून घेतले नव्हते. तरीही मुलगा विज्ञानच शिकला. १९९९ साली अमेरिकेच्या नामवंत संशोधकांच्या यादीत सेसलर यांच्यासोबत त्यांचे नाव लागले. ज्या समाजाचा आवाज दाबला गेला, त्यातल्या एका लेकराने जगाला स्वस्त माईक दिला. आपण तो आपल्या आयाबायांच्या आवाजासाठी वापरावा, हे त्या शोधाचे चीजच आहे.

खिशाप्रमाणे निवड

आता मुद्द्याची गोष्ट. किती पैसे घालावेत?

पहिला मार्ग बिनखर्ची. घरात मोबाईल आहे, त्याच्यातला इवला माईकही कंडेन्सरच्याच कुळातला आहे. मोबाईल हातात धरू नका. बोटांची खरखर येते. दोन-तीन घड्या घातलेल्या वाकळेवर ठेवून गाणाऱ्याच्या तोंडापासून वीत-दीड वीत अंतरावर आणा. निम्मी लढाई इथेच जिंकली जाते. आधी हे करून पाहावे, मगच दुकानाची पायरी चढावी.

दुसरा मार्ग शर्टाला किंवा पदराला लावायच्या क्लिपच्या माईकचा. तारेचा चांगला माईक साधारण हजार रुपयांच्या आत-बाहेर मिळतो, म्हणजे दोन-तीन दिवसांची मजुरी. उदाहरणार्थ, बोया कंपनीच्या बीवाय-एम-वन या माईकला सहा मीटर तार असते आणि तो मोबाईल व कॅमेरा दोन्हींना चालतो. घेताना पिन नीट पाहावी. मोबाईलच्या पिनवर तीन रेघा असतात, साध्या कॅमेऱ्याच्या पिनवर दोन. चुकीची पिन लावली तर मोबाईल आपलाच आतला माईक वापरतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. नव्या मोबाईलला गोल पिनेचे भोक नसेल, तर माईकचा आवाज आत घेणारा टाईप-सी जोड लागतो. तो दुकानातच लावून, आवाज टिपून पाहावा. एकट्या वृद्ध माणसाच्या ओव्या, आठवणी, मुलाखत यांसाठी माझे मत याच माईकला.

तिसरा मार्ग टेबलावर ठेवायच्या यूएसबी कंडेन्सर माईकचा. साधारण तीन ते पाच हजारांत चालण्याजोगा मिळतो. तार सरळ कॉम्प्युटरला जोडायची, वेगळी वीज लागत नाही. घरात गाणारे पोर असेल, ते भीमगीते बसवत असेल, तर हा खर्च योग्य. एका घराला जड वाटत असेल, तर चार घरांनी किंवा महिला मंडळाने मिळून एक घ्यावा. वर्षातून किती दिवस एकाच घरी तो लागणार?

चौथा मार्ग स्टुडिओसारखा. तीन टोकांच्या जाड पिनेचा कंडेन्सर माईक आणि त्याला ४८ व्होल्टची वीज देणारी ऑडिओ इंटरफेस नावाची पेटी. या विजेला फँटम पॉवर म्हणतात. दोन्ही मिळून खर्च बहुधा दहा हजारांच्या पुढे जातो. गायक आणि ढोलकी वेगवेगळी टिपायची असेल तरच यात पडावे. हप्त्यावर तर मुळीच घेऊ नये.

इथे माझी फजिती सांगतो. मी आधी एक 'स्टुडिओ सेट' मागवला. सोनेरी जाळीचा मोठा माईक, स्टँड, स्पंजची टोपी, सगळे बाराशे रुपयांत! खोक्यावरचे चित्र पाहून हुरळलो. माईक फँटम पॉवरवर चालणारा निघाला आणि सोबतची तार मात्र सरळ मोबाईलला लावायची. आवाज आला तो मुंगीसारखा, वर पावसासारखी सळसळ. तेव्हा दुकानदाराला पहिला प्रश्न हा विचारावा, "याला वीज कुठून मिळते?" सेलवर, यूएसबीवर की ४८ व्होल्टवर? उत्तर नीट मिळाले नाही तर घेऊ नये. घेतला तर पक्के बिल घ्यावे.

आणखी एक सूचना. मोठ्या कंडेन्सर माईकमध्ये बहुधा बाजूने बोलायचे असते, शेंड्यावर नव्हे. ज्या बाजूला कंपनीचे चिन्ह किंवा हृदयासारखी खूण असते, ती पुढची बाजू. हृदयाची खूण म्हणजे तो समोरचे जास्त आणि पाठीमागचे सर्वांत कमी ऐकतो. क्लिपचा माईक बहुधा चारी बाजूंचे सारखेच ऐकतो, म्हणून तो तोंडाजवळ असणे महत्त्वाचे.

आणि विहारातल्या लाऊडस्पीकरसाठी कंडेन्सर घेऊ नका. स्पीकरचा आवाज परत त्यात शिरून कान फोडणारी शिट्टी वाजते. तिथे डायनॅमिकच बरा.

खोली आणि वेळ

महागड्या माईकपेक्षा शांत खोली मोलाची. पत्र्याच्या छपराखाली, गुळगुळीत फरशीवर, उघड्या भिंतींमध्ये आवाज घुमतो. माईक त्या घुमण्यालाही आवाजच समजतो. उपाय घरातच आहे. गाणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर जाड वाकळ टाका, खाली एखादी सोलापुरी चादर चौघडी करून अंथरा. वाकळ पाठीमागे का? माईकचे तोंड तिकडे असते, म्हणून ती भिंत त्याला जास्त ऐकू येते. आम्ही शेवटी धान्याच्या कोठीत बसलो. पोत्यांनी भरलेली खोली हा गरिबाचा स्टुडिओ!

पंखा बंद. फ्रीज असेल तर तेवढा वेळ बंद, पण नंतर चालू करायची आठवण ठेवा. खिडकीकडे माईकची पाठ करा. मोबाईल विमान-मोडवर टाका, नाहीतर ऐन ओवीत घंटी वाजते.

वेळही पाहावी लागते. आमच्याकडे गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या गाणी लावून रात्रभर जातात. आषाढीला ज्ञानेश्वरांची पालखी नातेपुत्यात मुक्कामाला असते, तेव्हा तर गावात पाय ठेवायला जागा नसते. पावसाळ्यात पत्र्यावर थेंब वाजतात. आम्हांला दुपारी दोन ते चारची वेळ सापडली. माणसे शेतात, पोरे शाळेत. आपल्या गावची अशी वेळ आपण शोधावी.

वीतभर अंतर

सगळ्या लेखातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा : माईक वीतभर अंतरावर हवा. अंतर निम्मे केले की माणसाचा आवाज माईकवर दुपटीने पडतो, खोलीचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. म्हणजे फुकटात माईक सुधारला. त्याहून फार जवळ गेले, तर हृदयाच्या खुणेचा माईक आवाज उगाच घोगरा आणि जाड करतो.

आपल्या गाण्यांत 'भ' फार. भीम, भगवान, भाऊ. 'भ', 'फ', 'प' म्हणताना तोंडातून हवेचा झोत सुटतो आणि माईकवर धप्प असा आवाज येतो. म्हणून माईक नाकासमोर न ठेवता तोंडाच्या एका कोपऱ्याशी, थोडा तिरका ठेवावा. भरतकामाच्या लाकडी कड्यावर जुनी पातळ ओढणी ताणून ती माईकच्या चार बोटे पुढे धरली तरी काम होते. विकतची जाळी लागत नाही.

क्लिपचा माईक पदराच्या काठाला, हनुवटीखाली वीतभर लावा. सुती लुगडे चांगले, सिंथेटिक सळसळते. गळ्यातले मणी आणि हातातल्या काकणांचा स्पर्श होणार नाही हे पाहा. माईकवर टिचक्या मारून, फुंकर घालून "हॅलो हॅलो" करायची आपली जुनी सवय कंडेन्सरला सोसत नाही. फुंकरेतला ओलावा पडद्यावर बसतो. काम झाले की औषधाच्या बाटलीत येतात तसल्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या घालून तो घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा.

टिपताना

सुरुवातीला दहा सेकंद कुणी बोलू नये. ही शांतता पुढे कॉम्प्युटरवर सळसळ कमी करायला उपयोगी पडते. 'ऑडॅसिटी' हा प्रोग्रॅम त्यासाठी फुकट मिळतो. सफाई मात्र बेताने करा. फार घासले तर आवाज डब्यातून आल्यासारखा होतो.

मग सर्वांत जोरात म्हणायची ओवी म्हणून घ्या आणि पडद्यावरचा काटा पाहा. आकडे उणे असतात, शून्य म्हणजे कडेलोट. मोठ्यात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ च्या दरम्यान राहावा. कमी टिपलेला आवाज पुढे वाढवता येतो. फाटलेला आवाज शिवता येत नाही.

टिपण शक्यतो 'वेव्ह' प्रकारात करा, एमपी-थ्रीमध्ये नको. सीडीच्या दर्जाचे, एकाच माईकचे एक तासाचे टिपण सुमारे ३२० एमबी होते. आजच्या मेमरी कार्डाला ते जड नाही. जात्याची घरघर हवी असेल तर एकदा जात्यासह आणि एकदा जात्याविना टिपा. ढोलकी, हलगी असेल तर तिला माईकपासून पाच-सहा हात लांब बसवा.

नाव, परवानगी, जपणूक

आपल्या आयाबायांच्या कितीतरी ओव्या नावाविना राहिल्या. आता तसे होऊ देऊ नका. टिपणाच्या आरंभी आवाजातच सांगा : कोण गाते, गाव कोणते, तारीख काय, ओवी कुणाकडून शिकली. एखाद्या कवीचे गीत असेल तर कवीचे नाव घ्या. वामनदादा कर्डकांसारख्या कवींची गाणी अनेक गळ्यांतून फिरली, पण पुष्कळदा कवीचे नाव मागेच राहिले. अशी गाणी विकायची किंवा जाहीर करायची असतील, तर कवीच्या वारसांची परवानगी लागते.

घरच्या माणसाचीही परवानगी विचारा. आत्ती म्हणाली, "सासूवरच्या चार हायत्या, त्या कुणाला ऐकवू नगंस." त्या वेगळ्या ठेवल्या आहेत. व्हॉट्सॲपवर टाकायच्या आधी विचारणे हा तिचा मान आहे.

आणि प्रती तीन करा. एक मोबाईलमध्ये, एक पेनड्राईव्हवर, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. पेनड्राईव्हही मरतो. वर्षातून एकदा, १४ एप्रिलच्या आधी म्हणा, सगळ्या प्रती लावून पाहाव्यात.

तीन दुपारी बसून आम्ही आत्तीच्या बासष्ट ओव्या टिपल्या. शेवटच्या दिवशी तिच्या कानाला हेडफोन लावला. थोडा वेळ ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "ही मी न्हाई, ही आय बोलतीया." दुसऱ्याच मिनिटाला तिला एक विसरलेली ओवी आठवली. ती त्रेसष्टावी.

आपल्याही घरात असा एखादा गळा असेल. चांगल्या माईकची वाट पाहत बसू नका. येत्या रविवारी मोबाईल वाकळेवर ठेवा, पंखा बंद करा, वीतभर अंतर घ्या आणि म्हणा, "आजी, म्हण आता."